उडाराच्या डबीतली ओजी

ओबिडिके येणार म्हणून उमुनेके गावच्या तरण्या पोरांनी पहाटेच रस्त्यावर कमान उभारली होती. कमानीवर त्याचाच हसरा चेहरा, चांगला सुपाएवढा. म्हाताऱ्या इग्विलोनं ओसरीवरून तो चेहरा पाहिला आणि तपकिरीची चिमूट नाकात कोंबून सणसणीत शिंक दिली.

"शिंकून काय होतंय, डेडे?" थोरल्या भावाला डेडे म्हणणारी धाकटी बहीण अदाकू अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. "आज त्याची ओजी फोडणार ना तू? फोड. ओढ्यापलीकडची जमीन गेली की आम्ही बाया तुझ्या टकलावर कसावा लावू."

"सगळी भावकी हो म्हणतेय. मी एकटा काय करू?"

"भावकीत सगळ्यात वडील तू. की तो मानही ओबिडिकेला देऊन टाकलास?"

ओढ्यापलीकडची जमीन भावकीची खरी, पण कसत आल्या होत्या बायाच. विधवा झाल्यापासून अदाकूची चूल त्याच कसाव्याच्या कंदांवर पेटत होती. ती जमीन ओबिडिकेला कारखान्यासाठी हवी होती, तीही कायमची. वडील माणसानं मागणाऱ्याची ओजी, म्हणजे कोलाची कडू बी, फोडून पूर्वजांपुढे मागणं ठेवलं, जमलेल्यांनी ती खाल्ली, की विषय संपला. मग राजा आला तरी शब्द फिरत नाही. आणि इग्विलोचा मुलगा चिदुबेम त्याच ओबिडिकेच्या कंपनीत, ओवेरी शहरात, मोठा साहेब होता. बाप आडवा गेला की पोराची खुर्ची गेली. म्हाताऱ्याचं तोंड बांधलं होतं ते इथं.

आणि कुणासाठी बांधलं होतं? हा ओबिडिके एकेकाळी ओवेरीत इंटरनेटच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. तिथून लेगॉसला गेला आणि एके दिवशी थेट टीव्हीवर झळकला. म्हणे, आफ्रिकेनं स्वतःच्या हातांनी घडवलेला पहिला फोन. नाव उडारा. उडारा हे या मातीतलं फळ, पोरासोरांच्या आवडीचं. नाव ऐकूनच लोकांना गहिवर आला. मंत्र्यानं मिठी मारली. परदेशातल्या कुठल्याशा सभेत टाळ्या पडल्या, कुठल्याशा विद्यापीठानं त्याला डॉक्टर केलं, आणि सरकारनं शाळाशाळांतून उडाराचे टॅबलेट वाटले. पहिली सत्र परीक्षा येईस्तोवर निम्म्यांनी मान टाकली. लेगॉसच्या एका दुरुस्तीवाल्यानं एक उघडून पाहिला, तर उडाराच्या चकचकीत चिकटपट्टीखाली चिनी कारखान्याचं नाव.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. हा गडी टीव्हीवर येऊन म्हणाला, "बाळाला बाहेरचं अंगडं घातलं म्हणून बाळ परकं होतं का?" लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. इथं अंगडं तेवढं आपलं आणि बाळ दुसऱ्याचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्या पत्रकाराच्या आलं, त्याला पोलीस घेऊन गेले. इग्विलोनं तेव्हाच टीव्ही बंद करून कोंबड्यांना दाणे टाकले होते.

उन्हं चढल्यावर गाड्यांची रांग आली. ओबिडिकेच्या डोक्यावर मानकऱ्यांची लाल टोपी होती, जी त्याला अजून कुणी दिलेली नव्हती. सोबत कॅमेरावाला आणि मागं पाठराखणीला चिदुबेम, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. भावकी ओसरीभर बसली. बाया अंगणात, अदाकू सगळ्यांत पुढे. ओबिडिकेनं वाकून, बापाला हाक मारावी तशी हाक मारत सोनेरी डबी पुढे केली. झाकणावर उडारा कोरलेला. "नन्ना, ही माझी ओजी."

इग्विलोनं डबी उघडली. आत मखमलीवर लिंबाएवढी, पांढरीशुभ्र, तुकतुकीत बी होती. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

"हा ग्वोरो आहे," तो म्हणाला.

ओसरीवर कुजबुज उठली. ग्वोरो उत्तरेकडचे ट्रकवाले झोप येऊ नये म्हणून चघळतात. फोडला की दोनच फाका. तो पूर्वजांपुढे ठेवत नाहीत, त्याच्यावर प्रार्थना होत नाही, हे उमुनेकेच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरची ओजी लहान, मातकट, दिसायला गरीब. पण फोडली की तीन-चार पाकळ्या निघतात.

"लेगॉसमधली सगळ्यात महाग घेतलीय, नन्ना," ओबिडिके म्हणाला.

"महाग असेल. आपली नाहीये."

अदाकू अंगणातून खिदळली. "ज्यानं फोन देशी केला, त्याला देशी ओजी मिळेना व्हय!"

ओबिडिकेनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालूच होता. मग तो इग्विलोच्या कानाशी लागून म्हणाला, "तुमच्या अंगणात झाड आहे ना? घरात दोन-चार असतीलच. त्यातली एक आणा आणि माझ्या डबीत ठेवा. कोण बघतंय आतली कुणाची ते? डबी माझी दिसली म्हणजे झालं."

इग्विलोच्या अंगावर किळसेनं काटा आला. आपल्या पूर्वजांवरसुद्धा हा चिकटपट्टी लावायला निघाला! त्यानं चिदुबेमकडे पाहिलं. पोरानं खाली मान घातली. म्हातारा उठला.

"आणतो," तो म्हणाला.

आतून येताना त्याच्या मुठीत घरची ओजी होती. ती त्यानं सोनेरी डबीत ठेवली, सगळ्यांना दाखवली आणि डबी वर उचलली. आवाज चढवला.

"ही ओजी इग्विलोच्या झाडाची!"

"इसे!" सगळी ओसरी गरजली. लहानपणापासून हेच, वडील माणूस थांबला की तोंडातून आपोआप इसे, म्हणजे तसंच होवो, बाहेर पडतं.

"ज्याची ओजी, त्याचं मागणं!"

"इसे!"

"पोरंबाळं जगोत, म्हाताऱ्यांना झोप लागो!"

"इसे!"

कॅमेरावाला ओबिडिकेला चेहरा जरा डावीकडे कर म्हणून खुणावत होता. ओबिडिके डावीकडे वळला.

"ओढ्यापलीकडची जमीन ज्या बायांच्या कुदळीखाली आहे, त्यांच्याच कुदळीखाली राहो!"

"इसे!" ओबिडिकेचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि जो ती मागेल, त्याच्या पोटात ही ओजी कडू होवो!"

या वेळी निम्म्यांची तोंडं उघडीच राहिली. पण बाकीच्यांचं इसे निघून गेलं होतं. इग्विलोनं ओजी फोडली. चार पाकळ्या. त्यानं त्यांचे बारीक तुकडे केले, आपल्या वाटणीचा हातात ठेवून बशी फिरवली, आणि वडीलधाऱ्याच्या हातून आलेली ओजी कोण नाकारणार? सगळ्यांनी खाल्ली. ओबिडिकेनं तर कॅमेऱ्यासमोर धरून, हसत हसत खाल्ली. चावता चावता त्याचं हसू विरलं.

"नन्ना, हे काय मागितलंत तुम्ही?"

"ओजी माझी होती, मागणं माझं. तुझी फक्त डबी."

"हा फसवणुकीचा धंदा आहे!"

इग्विलो पहिल्यांदाच हसला. "धंदा तुझा रे. मी आज एकदाच केला."

अंगणात बायांनी ओठांवर हात मारून जो कल्ला केला, तो गाड्या कमानीखालून निघून गेल्यावरही थांबेना. भावकीतले बाप्ये एकमेकांकडे न बघता घरी पांगले.

चिदुबेम मागे राहिला होता. "मीही इसे म्हणालो, नन्ना. सवयीनं."

"बरं झालं. काहीतरी आमचं उरलंय तुझ्यात."

पोराच्या खिशातला उडारा वाजला. त्यानं कानाला लावून ऐकलं. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून बापाशेजारी ओसरीवर ठेवलं आणि खाली बसला. पोरानं सूट घातला तेव्हा इग्विलो सगळ्या गावाला सांगत फिरला होता.

त्यानं मूठ उघडली. त्याच्या वाटणीचा तुकडा तिथंच होता, अजून खाल्ला नव्हता. दातानं तोडून अर्धा त्यानं चिदुबेमच्या तळहातावर ठेवला.

"कडू आहे," पोरगा चावत म्हणाला.

"ओजी कडूच असते," इग्विलो म्हणाला. "जा, आत्याला विचार, जास्तीची कुदळ आहे का."