करपलेल्या पावाची साक्ष

सत्य सांगणे हा धर्म आहे, याविषयी वाद नाही; परंतु काही सत्ये जपून ठेवणे हाही धर्मच होय, आणि हे दोन धर्म जेथे समोरासमोर येतात तेथे भल्याभल्यांची वाचा अडखळते. इंग्लंडच्या न्यायालयात बारा सामान्य माणसे पंच म्हणून बसतात, बंद खोलीत विचार करून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात, आणि त्या खोलीत कोण काय बोलले हे पुढे आयुष्यभर कोणालाही सांगत नाहीत. सांगणे हाच तेथे गुन्हा ठरतो. अमेरिकेतला पंच मात्र निकालानंतर न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून वार्ताहरांशीसुद्धा मोकळेपणाने बोलू शकतो. या एका भेदाने लंडनच्या रोवेना टकवेलबाईंची झोप उडवली होती.

रोवेनाबाई दूरचित्रवाणीसाठी लिहीत. बरीच वर्षे रुग्णालयांच्या आणि खेड्यांतल्या खुनांच्या मालिकांत इतरांच्या हाताखाली काम केल्यावर, साठी उलटता उलटता एक अख्खी मालिका त्यांच्या एकटीच्या नावावर आली होती. अमेरिकेत गाजलेले एक न्यायालयीन नाट्य ब्रिटिश प्रेक्षकांसाठी नव्याने घडवायचे होते. मूळ कर्ते गॅरो डर्डेरियन लॉस एंजेलिसहून दूरध्वनी करीत, आणि त्यांचा आवाज असा की यंत्र कानापासून हातभर लांब धरावे लागे.

"बाई, माझा वकील साक्षीदाराच्या तोंडासमोर जाऊन बोट नाचवतो. तुमचा आपला खांबासारखा उभा!"

"आमच्याकडे जागा सोडायची पद्धत नाही, गॅरोसाहेब. जिथे उभा, तिथूनच बोलायचं."

"आणि न्यायाधीशाचा हातोडा कुठे गेला?"

"आमच्या न्यायाधीशांकडे हातोडा नसतो."

"मग लोकांना गप्प कसं करतात?"

"चष्मा काढतात," रोवेनाबाई म्हणाल्या. "भयंकर असतं ते."

पलीकडून सात समुद्र ओलांडून हसू आले. अशी एकेक गोष्ट गॅरोंनी सोडली. शेवटचा प्रसंग मात्र ते सोडीनात. त्यांच्या मालिकेत स्वतःचे दुकान जाळल्याचा आळ आलेला एक बेकरीवाला निर्दोष सुटतो, आणि त्या रात्री एक पंच त्याच्याकडे येऊन सांगतो, "आमच्यातल्या एकालाही तुझ्याविषयी कधी शंका आली नाही." हे वाक्य अमेरिकेत लोकांच्या तोंडी बसले होते. विमानतळावर अनोळखी माणसे ते गॅरोंना म्हणून दाखवीत. करारात स्पष्ट अट होती, की शेवटचा प्रसंग गॅरोंच्या संमतीवाचून बदलता येणार नाही.

निर्माता फर्गस तरुण आणि सालस होता. वाईट बातमी सांगताना तो नेहमी बिस्किटांची बशी पुढे करी.

"रोवेना, गॅरो गुरुवारी इथं येतायत. नटांचं संहितावाचन ऐकणार. शेवट पसंत पडला नाही, तर वाहिनी दुसरा लेखक घेणार म्हणतेय." त्याने बशी आणखी पुढे सरकवली. "चॉकलेटचं घ्या ना."

"पण फर्गस, तो पंच ते वाक्य इथं बोलला तर त्याच्यावरच खटला होईल!"

"तेच तर. म्हणजे तो काहीच बोलू शकत नाही. आणि गॅरोंना तर तो बोलायलाच हवाय."

रोवेनाबाई घरी आल्या त्या विचारात बुडूनच. त्यांचे यजमान डेनिस, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पूर्वी एकदा डेनिस स्वतः पंच होते. लंडनच्याच कॅटफर्ड भागातल्या एका न्हाव्यावर विम्याच्या पैशांसाठी आपलेच दुकान पेटवल्याचा आरोप होता, आणि तो निर्दोष सुटला. एवढे वर्तमानपत्रात छापून आले होते. यापलीकडचे एक अक्षरही रोवेनाबाईंना नवऱ्याच्या मुखातून कधी काढता आले नव्हते, आणि त्यांनी प्रयत्न काही थोडे केले नव्हते.

"डेनिस, मला फक्त एवढंच सांग. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर माणसाला वाटतं काय?"

"भूक लागते," डेनिस म्हणाले.

"तुझ्यापेक्षा बटाटे जास्त बोलतात!"

"बटाट्यांनी शपथ घेतलेली नाही." त्यांनी सुरी खाली ठेवून टोपी उचलली. "बरं, मी केस कापून येतो."

रोवेनाबाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिले. मागच्या वेळची कापणी अजून विसरण्याजोगी झाली नव्हती. एक कल्ला दुसऱ्याहून बोटभर वर होता.

"कोपऱ्यावर इतकं चांगलं सलून आहे. दोन बस बदलून जातोस तरी कुठे तू?"

"स्टाव्हरूकडे. कॅटफर्डला."

नाव उच्चारले गेले आणि डेनिसांचे कान तांबडे झाले. रोवेनाबाईंना ते नाव ठाऊक होते. खटल्याच्या बातमीत त्यांनी ते वाचले होते.

"तो फार वाईट कापतो, डेनिस," त्या हलकेच म्हणाल्या.

"हो, अगदीच वाईट."

"मग?"

डेनिसांनी दाराची कडी उघडली. "कोणीतरी जायला हवं ना," ते म्हणाले, आणि बससाठी निघून गेले.

रोवेनाबाई कितीतरी वेळ त्या अर्धवट सोललेल्या बटाट्यांसमोर उभ्या राहिल्या. शपथेचा एक धागाही उसवला नव्हता. बंद खोलीतली गोष्ट बंदच राहिली होती. तरीही त्यांना सगळे कळले होते, आणि कळूनही आपण नवऱ्याला काही विचारायचे नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळले. आपल्याकडे मौनाची गणना तपात करतात. ते तप रोवेनाबाईंच्या घरात, वाकड्या कल्ल्यांच्या रूपाने, इतकी वर्षे चालले होते आणि त्या त्याला हसत होत्या! त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी डोळे पुसत. मग बटाटे तसेच टाकून लिहायला बसल्या.

गुरुवारी वाचन झाले. लांब टेबलाभोवती नट बसले होते, आणि मधोमध गॅरो डर्डेरियन, हात छातीवर घट्ट बांधून. आधीच्या प्रसंगांना ते दिलखुलास हसले. शेवटचे पान आले तसे ते पुढे झुकले.

बेकरीवाला सुटून आलेला आहे. दुकान उघडे आहे, गिऱ्हाईक नाही. खटल्याच्या धसक्याने त्याचे हात अजून कापतात, आणि भट्टीकडे लक्ष राहत नाही. दार उघडते. न्यायालयात पंचांच्या बाकावर पाहिलेला तो पंच आत येतो.

"एक पाव द्या."

"आजचे करपलेत हो."

"चालेल. तो द्या, कडेचा."

"हा तर कोळसाच झालाय."

"तोच द्या. दुपारनंतर ऊन पडेल म्हणतात."

"म्हणतात खरं."

पंच पाव बगलेत घेऊन जातो. पुढच्या शनिवारी तो पुन्हा येतो. पाव पुन्हा करपलेला, आणि तो पुन्हा घेतो. तिसऱ्या शनिवारी त्याच्या मागे एक शेजारीण उभी असते. येथे मालिका संपते.

गॅरो म्हणाले, "आणि माझं वाक्य?"

फर्गसचा हात आपोआप बशीकडे गेला.

"नाही, मला कळू द्या," गॅरो आवाज चढवून म्हणाले. "प्रेक्षकाला कसं कळणार, त्या खोलीत काय ठरलं ते? हा येतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि... दर शनिवारी जळका पाव नेतो? का? जगात दुसरी बेकरी नाही? कोण खातं असला पाव? कोणता शहाणा माणूस..."

त्यांचे बोलणे तेथेच थांबले. समोर बेकरीवाल्याची भूमिका करणारा वृद्ध नट कागदाकडे पाहत बसला होता. त्याने मान वर केली नाही. गॅरोंचे बांधलेले हात सावकाश सुटले.

"अरे देवा," ते पुटपुटले. त्यांचा आवाज इतका खाली कधी कोणी ऐकला नव्हता. "बोलतोय की तो. दर शनिवारी तेच वाक्य बोलतोय."

"आणखी एकदा वाचायचं का?" रोवेनाबाईंनी विचारले.

"वाचा. आणि फर्गस, यातला एक शब्दही कोणी हलवला, तर मी विमान पकडून परत येईन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे." मग रोवेनाबाईंकडे वळून ते म्हणाले, "बाई, हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"ते मला सांगता यायचं नाही, गॅरोसाहेब," रोवेनाबाई म्हणाल्या.

गॅरोंनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिले, आणि असे गडगडून हसले की खिडकीची तावदाने थरथरली. कोणी तरी चहा ओतला, आणि नटांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

ज्यांनी न्याय करून त्याचा गवगवा केला नाही, त्यांचे मौन अभंग राहो. ज्यांच्यावरचा आळ फिटला त्यांच्या दारी गिऱ्हाईक येवो, त्यांचे हात स्थिरावोत. आणि परक्यांची कथा आपल्या माणसांच्या ओंजळीत जपून ओतणाऱ्यांचे कल्याण होवो.