ताक प्यालेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी पिंप आहे. १९७४ साली सांगलीच्या आकाराम सुताराने मला घडवलं आणि तासगावकडच्या लालासाहेबांच्या मळ्यात पोचवलं.

लालासाहेब फौजेतून परतलेले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या रोन नदीकाठच्या एका शेतकऱ्याने त्यांना जर्मनांपासून लपवून ठेवलं होतं. तिथे तीन-चार जातींची पांढरी द्राक्षं मिसळून वाइन करतात. तीच त्यांना इथे करायची होती. सरकारी परवाना काढून त्यांनी इथल्याच तीन द्राक्षांचे गुण, थॉम्पसनचा गोडवा, अनाबेशाहीचा भरदारपणा आणि भोकरीचा आंबटपणा, माझ्या पोटात एकत्र केले. पहिल्या वर्षीची वाइन चाखून त्यांचे जुने कर्नलसाहेब म्हणाले, "लालासाहेब, जमलं!" त्या दिवशी लालासाहेबांनी माझ्यावर किती प्रेमाने हात फिरवला!

पुढच्या वैशाखात मी रिकामंच होतं. लालासाहेब साताऱ्याला गेलेले. शेजारच्या सुलाबाई आल्या.

"आवं वैनी, लेकीचं लगीन हाय. ताकाला तेवढं पिंप द्या की."

"न्हाई बाई. ह्यास्नी कळलं तर माझंच ताक करतील," लालासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या.

"दारूचंच पिंप ते! ताकानं उलट पवित्र हुईल."

बाईंना नाही म्हणवेना. तिसऱ्या दिवशी मी परत आलं. भांडं रिकामं धाडू नये म्हणून आत गुळाचा खडाही होता. बाईंनी मला कढत पाण्याने तीनदा घासलं, उन्हात वाळवलं. पण माझ्या लाकडात ताक मुरलं होतं. लालासाहेब परतल्यावर बाईंनी त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

त्या ताकाने पुढच्या हंगामातली वाइन आंबून नासली. पहिलाच घोट लालासाहेबांनी थुंकून टाकला.

"भोकरीनं घात केला!" ते गरजले आणि कोयता घेऊन बागेत शिरले.

एकेक वेल बुडातून तुटू लागली. दावणीशी उभ्या बाई तुटणाऱ्या वेलींकडे पाहत होत्या. शेवटी त्या धावल्या.

"आवं, थांबा! भोकरीचा गुन्हा न्हाई. म्याच पिंप दिलं हुतं, ताकाला."

कोयता थांबला. "वरीसभर का न्हाई बोललीस?"

"तुमच्या रागाला भ्याले."

लालासाहेब कापलेल्या वेलींमध्ये मटकन खाली बसले. त्यानंतर त्यांनी वाइन केली नाही. आता माझ्यात सरकी भरतात.

मित्रांनो, मागून आणलेल्या भांड्यात काय भरलं तर ते बिघडेल, हे आधी विचारा. आणि घरात कुणाच्या हातून चूक झाली, तर ती सांगायला त्याला भीती वाटू देऊ नका. मला बोलता येत नव्हतं. बाईंना येत होतं. त्यांनी तोंड उघडेपर्यंत बत्तीस वेली गेल्या.