तीव्रतेचे गुण

अनुदानाच्या अर्जाची एक स्वतंत्र भाषा असते. तिच्यात माणूस तुरुंगातून सुटत नाही, 'मुक्त लाभार्थी' होतो. तो रडत नाही, 'मनोसामाजिक सहाय्याची गरज दर्शवतो'. तुरुंगाच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये समुपदेशक म्हणून नऊ वर्षे काढलेल्या बाईंना ही भाषा अस्खलित येत असे, आणि तिची त्यांना मनापासून किळस होती.

सुटून आलेल्यांना त्या शेडमध्ये सुतारकाम शिकवले जाई. शिकवणारे मास्तर स्वतः सात वर्षे आत राहून आलेले. उमेदीच्या काळात त्यांनी लोकांची कुलुपे उघडली होती; आता तीच बोटे लाकडाच्या रेषा वाचत. रंध्यातून निघालेली पातळ, सलग साल तळहातावर घेऊन ते नव्या माणसाला दाखवत. त्यांचे प्रवचन तेवढेच. गेल्या तीन वर्षांत, स्वतः मास्तर धरून, एकेचाळीस माणसांची नोंद शेडच्या रजिस्टरात झाली होती, आणि त्यांतला एकही पुन्हा आत गेला नव्हता. 'पुन्हा गुन्हा करणारे' या रकान्यात बाईंनी शून्य लिहिले. नऊ वर्षांत एखादा आकडा लिहिताना त्यांना अभिमान वाटला असेल तर तो हाच.

अर्ज तपासायला संस्थेच्या सचिवांनी एक सल्लागार आणला होता. गुळगुळीत माणूस. त्याची फी अनुदानातूनच निघायची होती, त्यामुळे गोचिडाला गाईविषयी वाटावा तसा जिव्हाळा त्याला या योजनेविषयी वाटे. शून्यापाशी तो दुधात माशी दिसावी तसा थांबला.

"मॅडम, हे शून्य आपल्याला बुडवणार."

मग त्याने समजावून सांगितले. शंभरांतले तीस गुण समस्येच्या तीव्रतेला आहेत. जिथे कुणी पुन्हा गुन्हा करत नाही तिथे समस्या नाही, आणि समस्याच नसेल तर सरकारने पैसे द्यायचे कशाला? शून्याला शून्य गुण. एकापासून पुढे पंधरा. शेजारच्या शहरातल्या संस्थेने निम्मी माणसे बिघडलेली दाखवून सलग तीन वर्षे निधी नेला होता. त्यांच्या केंद्राला टाळे होते, पण आलेख फार देखणा होता.

सचिव आयुष्याची प्रत्येक पायरी दुसऱ्याच्या खांद्यावर पाय ठेवून चढलेले गृहस्थ. आमटीत मीठ कमी आहे हे सांगावे तशा सुरात ते म्हणाले, "एक तरी बिघडलेला पाहिजे."

एकही नाही, असे बाई म्हणाल्या. कागदावरच तर दाखवायचा आहे, असे सचिव म्हणाले. फक्त परिशिष्टात त्याचा नोंदणी क्रमांक लागेल, सल्लागाराने जोडले, जणू क्रमांकाला आई-बाप नसतात. बाईंनी दोघांकडे पाहिले. तिरस्कार करायला त्यांना कधीच कष्ट पडत नसत. आज तर तो आयता ताटात वाढून आला होता. पण निधी आला नाही तर महिनाअखेर शेड बंद होणार, हेही त्यांना ठाऊक होते. पुढच्या तुकडीसाठी अकरा माणसे थांबली होती. त्यांतला एक बसस्थानकाच्या बाकावर झोपत होता आणि तुकडी सुरू व्हायचे दिवस बोटांवर मोजत होता.

दुपारी त्यांनी सगळे मास्तरांच्या कानावर घातले. मास्तरांनी पटाशीला धार लावणे थांबवले नाही.

"माझा टाका की, ताई. बाकीच्यांची लग्नं व्हायचीत, नोकऱ्या लागायच्यात, घरमालक चौकशा करणार. माझं काय? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

बाईंनी तिथेच नाही म्हणायला हवे होते. नऊ वर्षे समोरच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला त्या खरेपणाचे दोन घोट पाजत आल्या होत्या. त्या टेबलाशी परतल्या, शून्य खोडून एक केला आणि परिशिष्टात मास्तरांचा क्रमांक लिहिला.

निधी मंजूर झाला. सचिवांनी दारावर स्वतःच्या नावाचा फलक लावला. नवी यंत्रे प्लास्टिकच्या वेष्टनात येऊन भिंतीशी उभी राहिली, परक्या घरी आलेल्या श्रीमंत पाहुण्यांसारखी. मंजुरीपत्रामागे अटी होत्या. सतरावी अट अशी: पुन्हा गुन्हा केल्याची नोंद असलेल्या व्यक्तीस प्रकल्पात नोकरीवर ठेवू नये व तिच्या हाती धारदार हत्यार देऊ नये.

आधीच्या मंजुरीपत्रांतही असलेली ही अट बाईंना तोंडपाठ होती. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या ती वाचून दाखवत. इतकी वर्षे ती त्यांनी नेहमी दुसऱ्यांना ऐकवली होती. अर्ज भरताना ती त्यांना ऐकूच आली नाही.

सचिवांनी मात्र चुटकीसरशी मार्ग काढला. मास्तरांना नोकरीवर ठेवता येत नाही ना, मग शिकायला ठेवा. नाहीतरी तपासणीला एक बिघडलेला दाखवायचाच आहे.

एजन्सीकडून प्रमाणपत्रधारी प्रशिक्षक आला. त्याने पहिल्या दिवशी रंधा उलटा धरला. मास्तर शिकाऊंच्या बाकावर शेवटी बसले. धार निषिद्ध, म्हणून त्यांच्या हाती पॉलिश पेपर देण्यात आला. आधीच गुळगुळीत असलेली एक फळी ते दिवसभर घासत राहिले.

आठवड्याने बाईंना त्यांची मुलाखत घ्यावी लागली. छापील प्रश्नावली समोर होती आणि तिच्यात पळवाट नव्हती. पुन्हा गुन्हा करावासा वाटतो का, हे त्यांनी मान वर न करता विचारले.

"आधी नव्हतं वाटत," मास्तर म्हणाले. "आता त्या पोपटाला रंधा धरताना बघितलं की वाटतं. लिहा, ताई. गुण मिळतील."

बाईंना हसू आले नाही. मास्तर बाकावर परत गेले, तेव्हा शेजारी बसलेल्या नव्या माणसाने, त्याच बसस्थानकावर झोपणाऱ्याने, खाली ठेवलेली आपली पिशवी उचलून पलीकडच्या अंगाला घेतली. तेवढेच. मास्तरांनी ते पाहिले आणि फळी घासू लागले. पण त्यांचा हात आता एकाच जागी फिरत होता.

मेलेल्या कोंबड्याला आग लागत होती.

त्याच संध्याकाळी बाईंनी पत्र लिहिले. अनुदानाच्या भाषेतला एकही शब्द त्यांनी वापरला नाही. क्रमांक दिला, नोंद खोटी आहे, ती मी केली, तो माणूस सुटल्यापासून एक दिवसही वाकडा वागलेला नाही. याने निधी परत जाईल, शेडला कुलूप लागेल, अकरा जण पुन्हा रस्त्यावर येतील आणि स्वतःची नोकरीही जाईल, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. बाकावरच्या त्या अकरांसाठी त्यांनी एकाला विकले होते, आणि तो सौदा आता त्यांना सचिवांच्या तोंडाइतकाच ओळखीचा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्या सरकारी कार्यालयाच्या आवक खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या. कारकुनाने पत्र वाचले नाही. त्याने रजिस्टर पुढे ओढले.

"विषय काय लिहू?"

"खोटी नोंद," बाई म्हणाल्या. "मी केलेली."

त्याने भिंतीवर लावलेल्या विषयांच्या यादीवरून नजर फिरवली. प्रस्ताव होते, तक्रार होती, मुदतवाढ होती. हे नव्हते. त्याने क्षणभर विचार केला, 'किरकोळ' असे लिहिले आणि शिक्का मारला.

बाईंनी पोच मागून घेतली, घडी न घालता हातात धरली आणि मास्तरांना दाखवायला त्या शेडकडे निघाल्या.