डब्यातली गोम

बाबांच्या पुढच्या खोलीत दर बुधवारी शाळा सुटल्यावर मुलांचा विज्ञानाचा वर्ग भरायचा. तो आता शेवटचा एकदाच भरणार होता. धाकटीनं मुलांच्या आईवडिलांना तसं कळवूनही टाकलं होतं. मुलांनी यावं, सरांची आठवण म्हणून आपापला डबा घरी न्यावा, म्हणजे ती खोली आवरून, कुलूप लावून आपल्या घरी परत जायला मोकळी.

डबे पत्र्याचे होते, बिस्किटांचे. प्रत्येक झाकणावर बाबांनी रंगानं एकेका मुलाचं टोपणनाव लिहिलेलं. वकीलबाई, घाईगर्दी, मौनी, डुलकी. आत लाकडी पट्टीवर बॅटरी, बटण, दोनचार वायरी आणि एखादा दिवा, भोंगा किंवा छोटी मोटर. टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर मांडलेला हा संसार.

आदल्या दुपारी तिनं पहिल्या डब्याचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला नाही. दुसऱ्याचा भोंगा मुका. तिसऱ्यातली मोटर ढिम्म हलेना. धाकटी स्टुलावर बसली. हे असंच असणार हे तिला ठाऊकच होतं.

दादा काही महिन्यांपूर्वी इथे येऊन राहिला होता, तेव्हा त्यानंही असेच डबे उघडून पाहिले होते. बाबा फिरायला गेल्याची संधी साधून त्यानं सगळे गपचूप नीट केले आणि धाकटीला फोन लावला. बाबांचं आता काही खरं नाही म्हणाला, बॅटऱ्या उलट्या घालून ठेवतात. पुढच्याच आठवड्यात बाबा तिच्याकडे फोनवर कुरकुरले, "कुणीतरी माझे सगळे डबे बिघडवून ठेवलेत." मग शंकेला जागाच उरली नाही. ज्यांना चालू डबे बिघडलेले वाटतात, त्यांच्याशी बोलायचं तरी काय? म्हाताऱ्या माणसाच्या जिव्हारी लागेल म्हणून बहीणभावांनी ठरवलं की याबद्दल त्यांच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही.

तेव्हापासून धाकटी त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश, सोपी सोपी वाक्यं बोलू लागली. आज वार कोणता, गोळी घेतली का, गॅस बंद केला का. एकदा ते वैतागून म्हणाले होते, "अगं, मी बहिरा नाही आणि हा फोनही धडधाकट आहे. माणसासारखी बोल की."

आणि नेमकं त्याच दिवसांत तिनं विमा कंपनीतली वरच्या हुद्द्याची नोकरी सोडून मुलांच्या वाचनालयात काम धरलं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, दादानं तर सर्वांत आधी. बाबांना तिनं भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस." आणि लगेच, अमक्या जातीच्या बॅटऱ्या हल्ली किती लवकर उतरतात, यावर घसरले. ते दोन शब्द तिला हवे होते, फार हवे होते. पण दादा हळूच म्हणाला, "त्यांना कळलं तरी असेल का गं, तू काय सांगितलंस ते?"  मग एका बुधवारी पहाटे झोपेतच बाबांचं हृदय थांबलं, आणि ते दोन शब्द सही नसलेल्या पत्रासारखे तिच्याकडे राहून गेले.

निदान मुलांच्या घरी तरी बाबांच्या चुका जायला नकोत. तिनं पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून जे शिकली होती ते अजून बोटांत शिल्लक होतं. घाईगर्दीच्या डब्यात भोंग्याची बॅटरी उलटी होती. मौनीच्या डब्यात वायरीचं प्लास्टिक न सोलताच टोक स्क्रूखाली दाबलेलं. वकीलबाईच्या डब्यानं मात्र घाम काढला. तार आवरणाच्या आतल्या आत तुटलेली, वरून पत्ता लागेना. प्रत्येक डबा एकाच दुरुस्तीत सुरू होत गेला. चला, फार बिघडलेलं नव्हतं, असं मनाशी म्हणत तिनं शेवटचं झाकण लावलं.

बुधवारी मुलं आली ती पावलं न वाजवता. आयांनी घरून बजावून पाठवलं असणार. लांब टेबलाभोवती बसून त्यांनी डबे उघडले, बटणं दाबली. दिवे लागले, भोंगे वाजले, मोटरी गरगरल्या. धाकटीनं हसून त्यांच्याकडे पाहिलं, तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. घाईगर्दी नावाच्या मुलानं पट्टी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि शेजारणीकडे बघितलं. शेजारीण घट्ट वेण्यांची, दहाएक वर्षांची. तिनं डबा बाजूला सारला आणि उलटतपासणी सुरू केली. झाकणावरचं नाव तिला उगाच मिळालेलं नव्हतं.

"ताई, आमचे डबे तुम्ही उघडले होते?"

धाकटीनं कबूल केलं. थोडे बिघडले होते, म्हणून नीट करून ठेवले, म्हणाली.

"मग आमच्या गोमा कुठे गेल्या?"

कसली गोम, असं धाकटीनं विचारल्यावर सगळी एकदम बोलू लागली आणि वकीलबाईनं त्यांना गप्प केलं. मग तिनं सांगितलं ते असं. पूर्वी सर सगळं नीट जोडून द्यायचे. मुलं दोन मिनिटांत दिवा लावून मोकळी व्हायची आणि उरलेला वेळ दंगा. तेव्हा सरांनी डब्यात गोम घालायला सुरुवात केली. मंगळवारी सकाळी बसून ते प्रत्येक डबा मुद्दाम बिघडवायचे. बिघाड शोधायचा आणि तो तिथे का अडला ते सांगायचं, हाच वर्ग.

"एका डब्यात एकच," ती बोट वर करून म्हणाली. "दोन घातल्या तर ती फसवणूक, असं सर म्हणायचे."

धाकटीनं टेबलावरच्या डब्यांवरून नजर फिरवली. एकेकच. कालच तिच्या बोटांना कळलं होतं, डोक्याला नव्हतं. उतावळ्या पोरासाठी वरवरची, या वकीलबाईसाठी आवरणाच्या आत लपवलेली. विसरणाऱ्या माणसाच्या हातून इतकं मोजूनमापून काही बिघडत नाही.

"एकदा कुणीतरी सगळ्या गोमा काढून टाकल्या होत्या," घाईगर्दीला राहवेना. "सर जाम वैतागले. म्हणाले, घरात दुरुस्ती करणारे उंदीर झालेत."

"मुलगा होता त्यांचा," वकीलबाईनं खुलासा केला. "पण त्याला सांगायचं नाही म्हणाले. बिचाऱ्यानं मायेनं केलंय, उगाच खजील होईल."

धाकटीला हसू फुटलं. ते आवरेना, मग दुसरं काही येऊ लागलं, तशी ती पाणी पिऊन येते म्हणून आत गेली. नळ सोडून ओट्याला टेकून उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी तिला पुरता श्वास घेता आला.

बाहेर आली तेव्हा मुलांनी डबे टेबलावर रांगेत लावून ठेवले होते. घरी नेऊन काय करायचं, घरी गोम कोण घालणार, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. ताईंनी आता घालाव्यात, तोवर आम्ही जिन्यात थांबतो. आणि फटीतून बघणार नाही, हे वकीलबाईनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं.

दार लागल्यावर धाकटीनं आधी दादाला फोन केला. मुलांकडून कळलेलं सगळं त्याला सांगितलं.

"म्हणजे ते डबे मीच बिघडवले होते," तो म्हणाला.

"तूच, उंदरा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. "आणि ते तुला नोकरीबद्दल म्हणाले, ते..."

"बरं केलंस म्हणाले."

"हं," दादा म्हणाला. "मग तसंच असणार."

फोन ठेवून ती कामाला लागली. घाईगर्दीची बॅटरी उलटी केली. मौनीच्या बटणाखाली कागदाचा कपटा सरकवला. डुलकीच्या दिव्याचा आटा जरासा सैल केला. जिन्यातून खुसखुस ऐकू येत होती. कुणीतरी दारावर टकटक करून झालं का विचारलं आणि कुणीतरी त्याला दामटलं.

आता एकच डबा उरला होता, वकीलबाईचा. तिला सोपी गोम घालून चालणार नव्हतं. धाकटीनं पट्टी उचलून खिडकीपाशी उजेडात धरली आणि बाबांनी ती कुठे लपवली असती याचा विचार करू लागली.