फाट्यावरचा बोर्ड

कर्नलसाहेब दुसऱ्यांदा येणार म्हटल्यावर मी ठरवूनच ठेवलं होतं, चहा द्यायचा पण बसा म्हणायचं नाही. उभा माणूस लवकर जातो. पण दार सासूबाईंनी उघडलं, स्वतःची खुर्ची पुढे केली, वर पाठीला उशीसुद्धा दिली. झालं. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर आमचेच कप ठेवले आणि घरचेच होऊन बसले.

ते निवृत्त, आणि शत्रूने चढाई केली त्या पहिल्या आठवड्यांचा इतिहास लिहीत होते. बोलायचेही पुस्तकासारखं. आघाडी, पिछाडी, रसद. माझ्या नवऱ्याला ते 'आपले यजमान' म्हणायचे आणि दर वेळी मला वाटायचं, आता आणखी कोण आलं.

नवरा रस्ते खात्यात पेंटर. आमच्या बाजूच्या सगळ्या बोर्डांवरची गावांची नावं, बाण, अंतरं त्याच्याच हातची. चढाई झाली त्या आठवड्यात हुकूम सुटला, की रस्त्यांवरचे बोर्ड उतरवून टाका, शत्रूला वाट कळता कामा नये. हा ट्रक घेऊन गेला तो कित्येक दिवस घरी नाही. मी हॉस्पिटलच्या धुलाईत, पाळीवर पाळी. चादरी येत राहायच्या, आम्ही धूत राहायचो. काय धुतोय ते बघायचं नाही, एवढं लवकर शिकलो. घरी सासूबाई एकट्या, लागला तर लागला अशा त्या फोनपाशी.

त्याच दिवसांत कॅनॉलपलीकडच्या फाट्यावर शत्रूची अख्खी तुकडी शहराकडे यायच्या ऐवजी दलदलीकडे वळली, रुतली, आणि आपल्या तोफांनी तिला तिथेच जाळलं. फाट्यावरचा बोर्ड उलट दिशा दाखवत होता म्हणून. शहर वाचलं, आम्ही वाचलो, आणि त्या बोर्डाची गोष्ट जो तो तोंडभर सांगायला लागला. दूधवालासुद्धा.

त्या तुकडीच्या थोडी आधी, तोच बोर्ड बघून, माझी नणंद वळली होती. आमची बारकी. तिच्या गावावर गोळे पडायला लागले तशी निळी गाडी काढून आमच्याकडे निघाली होती, आणि ती निघालीय हे तिच्या दादाला माहीतही नव्हतं. आधी ती रुतली, मागून ते आले, मग तोफा. दलदलीतून गाड्या ओढून काढायला याच्याच ट्रकला बोलावलं. नंबरपाटी याने ओळखली.

घरी येऊन त्याने मला न्हाणीघरात नेलं, नळ सोडला आणि म्हणाला, "आईला सांगायचं, हायवेवर गोळा पडला." मी सांगितलं. सासूबाईंनी हायवेवर कुठे, हेदेखील विचारलं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. रडू मात्र आलं नाही, अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मला तर भाजी चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेवढंच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट जपत होते. मुलाच्या बोर्डाने मुलगी गेली, हे त्या बाईला कळू द्यायचं नाही. दोघांना एकाच ताटलीतल्या भाकरी वाढायच्या होत्या मला, रोज. नवऱ्याने अक्षरं सोडली होती. रस्त्यावरचे पांढरे पट्टे मारायचं काम मागून घेतलं होतं. सासूबाईंना सांगितलं, पगार वाढतो.

आणि आता हे साहेब नकाशा घेऊन.

"हुकूम होता बोर्ड उतरवण्याचा," ते म्हणाले. "यांनी तो फिरवला. याला समयसूचकता म्हणतात. या प्रकरणात मला यांचं नाव हवंय."

"नाव नको," नवरा म्हणाला.

"का नको?" सासूबाई म्हणाल्या. "लोक नाव यावं म्हणून जिवाचं रान करतात, आणि तू दारात आलेलं परत पाठवतोस."

"नको म्हणतोय ना, आई."

मी मध्ये पडले. "साहेब, खात्याचं नाव घाला की. आम्ही काय, हुकमाचे ताबेदार."

"पण वहिनी, ही कल्पना खात्याची नव्हती."

"कल्पना कसली," नवरा म्हणाला. जमिनीकडे बघत बोलत होता. "बोल्ट गंजलेला होता. खालचा निघाला, वरचा निघेना. जोर लावला तसा पाना सटकला आणि पत्राच खांबाभोवती गर्रकन फिरून बसला. वर विमानं आली. म्हटलं, राहू दे, आणि निघालो."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही तो फिरवला नाहीत?"

"फिरला."

एका 'व'ने साहेबांचं अख्खं प्रकरण पाडलं होतं. तोंड उतरलं बिचाऱ्यांचं. दुसरा कोणी असता तर मी मनापासून हसले असते. वाटलं, आता उठतील. पण अभ्यासू माणूस, हातचं सोडायला तयार नाही. नकाशावर बोट सरकवत दलदलीपाशी आणलं.

"इथे एक नागरी गाडीही मिळाल्याची नोंद आहे. लहान, निळी. तीही—"

"साहेब, चहा गार होतोय," मी म्हणाले.

"हो, घेतो. तीही त्याच बोर्डामुळे वळली असावी. तिच्याबद्दल यजमानांना काही—"

नवऱ्याने मान वर केलीच नाही. मी कप उचलला, कोपरा सुटला आणि नकाशा अर्धा गुंडाळला गेला. सासूबाईंनी हात पुढे करून तो परत सरळ केला.

"असावी नाही," त्या म्हणाल्या. "त्याच बोर्डामुळे."

त्या हात नकाशावर तसाच दाबून बसल्या होत्या, आणि बोलत होत्या साहेबांशी, आमच्याशी नाही.

"माझी मुलगी होती ती. फाट्यावरून फोन केला तिने मला. म्हणाली, आई, मला वाटतं डावीकडे वळायचं, पण बोर्ड उजवीकडे दाखवतोय. मी विचारलं, अक्षर कुणाचं आहे? म्हणाली, दादाचं. मग म्हटलं, विचार काय करतेस, डोळे मिटून वळ."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी कप हातात घेऊन उभीच. इतके दिवस मी या बाईपासून लपवत होते आणि ही माझ्यापासून लपवत होती, एकाच स्वयंपाकघरात.

"आई," नवरा म्हणाला, "तू कधीच का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तेही तू स्वतःच्याच डोक्यावर घेतलं असतंस. माझं माझ्याकडे असू दे म्हटलं."

तो उठला, तिच्या पायांशी जाऊन खालीच बसला. हात लावला नाही तिला. विचारलं, "मग? ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाली, बरं, आलेच."