पहिला गूळ

महाळुंग्याच्या कंपनीत मुरारी बटण दाबतो आणि रोबोट वेल्डिंग करतात. पण घरी आला, की त्याच्या आईचा, गवराबाईंचा, शब्द चालतो. गोठ्यात जनावर वीत असेल, तर मूलबाळ नसलेल्या बाईनं तिकडे फिरकायचं नाही! आणि तशी बाई त्या घरात एकच, लग्नाला नऊ वर्षं झालेली मुरारीची बायको हर्षाली.

गंमत पाहा, हरणी घोडीचं अकरा महिने चारापाणी हर्षालीनंच केलं होतं. हरणी म्हणजे घराचा मान, बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे धावणारी. जनावरांच्या डॉक्टर इफ्फत तपासायला आल्या, की त्यांना खोदून खोदून विचारणारीही हर्षालीच. पण त्या सकाळी हरणी घामाघूम होऊन आडवी झाली, तशी गवराबाईंनी शेजारच्या शालनबाईंना बोलावून घेतलं. व्यालेल्या घोडीला पहिला गूळ लेकुरवाळीनं भरवायचा, ही घरची रीत.

"तू सैपाकघरातच ऱ्हा," त्यांनी सुनेला बजावलं. मुरारी नेहमीसारखा गप्प बसला.

पाणमोट फुटली. एक खूर दिसला, मागोमाग नाक. हरणी कळा देत होती, पण शिंगरू पुढे सरकेना. मुरारीनं आजवर गाईंचीच वासरं ओढून काढलेली. त्यानं दोरी आणून खुराला बांधली.

"अहो, खूर किती दिसतात?" हर्षाली खिडकीतून ओरडली.

"एकच!"

"मग ओढू नका! दोन्ही खूर आणि त्यावर नाक आलं तरच वीण सरळ, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. दुसरा पाय आत दुमडलाय. मी फोन केलाय, त्या मोशीहून निघाल्यात. तोवर तिला उठवून चालवा, म्हणजे कळांचा जोर कमी होईल."

मुरारीनं दोरी सोडली. पण हरणी उठेल तर शपथ! त्यानं चुचकारलं, दावं ओढलं, तिनं उलट लाथ झाडली.

"माझ्या हाकेला उठेल ती," म्हणत हर्षाली गोठ्याच्या दारात आली. गवराबाई आडव्या आल्या. "न्हाई म्हंजी न्हाई! अपशकुन हुईल."

मुरारीला एकाएकी स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षं तो हे ऐकत आला होता.

"आई, बाजूला हो!" तो कडाडला. "आत जीव अडकलाय, आन् आपण शकुन कसला बघतोय?"

हर्षालीनं मानेवर हात ठेवून "ऊठ गं बाय" म्हटलं मात्र, हरणी धडपडत उभी राहिली. इफ्फत येईपर्यंत हर्षाली तिला अंगणात फिरवत राहिली. इफ्फतनी येताच हात आत घालून शिंगराला अलगद मागे सारलं, दुमडलेला पाय सरळ करून पुढे घेतला. पाचच मिनिटांत ओलंचिंब शिंगरू गवतावर! आणि श्वासही चालू!

"दोरी ओढली असती, तर कदाचित दोघंही गेली असती," मुरारीकडून सगळं ऐकल्यावर हात धुताना इफ्फत म्हणाल्या. "आजी, स्वतःला मूल झालं म्हणून कुणाला वीण कळत नाही. ती शिकावी लागते. हिनं ती शिकून घेतली, आणि तुम्ही हिलाच दाराबाहेर ठेवलंत?"

गवराबाईंनी शालनबाईंच्या हातातला गुळाचा खडा घेऊन सुनेच्या तळहातावर ठेवला.

"तूच भरव, पोरी. माजं चुकलं."

मंडळी, जाणत्या माणसाला दाराबाहेर ठेवणं, यापेक्षा मोठा अपशकुन घराला नाही. आणि ते पाहून गप्प बसणारे मुरारी आपल्यात अजून किती आहेत, ते ज्याचं त्यानं आपल्या घरात बघावं.