माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याची अक्षरे

मित्रांनो, रामकृष्णहरी! मी एक जुना चपटा ब्रश आहे. दांड्याचा रंग उडालाय आणि एका कोपऱ्याचे केस आखूड आहेत. लोकांना ते व्यंग वाटते. मला मात्र त्या कोपऱ्याचा फार अभिमान आहे. का, ते सांगतो.

सेलूच्या एका रंगाच्या दुकानातून झरी गावच्या भुजंग पेंटरांनी मला आणले. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती आम्ही दोघांनी रंगवल्या. पण आमचा जीव खरा रमायचा तो हरिनाम सप्ताहाच्या फलकात. कीर्तनकार महाराजांचे नाव लिहिण्याआधी भुजंगराव हातपाय धुऊन येत. मलाही स्वच्छ करून जवसाचे तेल लावत.

त्या तेलाच्या वासानेच घात केला. एकदा मला मारुतीच्या पारावर ठेवून ते पाणी प्यायला गेले, आणि समोरच राहणाऱ्या ग्यानबांच्या शेळीने माझा कोपरा चावून टाकला.

"ग्यानबा, आवर तुझी शेळी! बिरश खाल्ला की तिनं!"

"खाऊ द्या की पेंटर. जरा लिव्हायला तरी यील तिला," ग्यानबा दात काढून म्हणाले.

फलक त्याच दिवशी लागायचा होता. दुसरा ब्रश नव्हता. भुजंगरावांनी चरफडत मलाच रंगात बुडवले, पहिले अक्षर काढले आणि थबकले. रेघेचे टोक ज्वारीच्या पानासारखे निमुळते उतरले होते. दोन रेघा जिथे भेटत, तिथे चिमूटभर मोकळी जागा राहत होती. त्यांना ते रूप भारी आवडले. पुढे लोक लांबूनच ओळखू लागले की हे भुजंग पेंटरचे अक्षर. तेव्हा माझी छाती फुगायची!

मग फ्लेक्स आले. भुजंगरावांचा हातही कापू लागला. वाळलेल्या रंगाच्या डब्यात, केसांवर उभा, मी वर्षानुवर्षे पडून राहिलो. माझी आठवण कुणाला येईना.

भुजंगरावांची लेक भक्ती संगणकावर छपाईची कामे करते. संगणकात साठवलेल्या अक्षरांच्या घराण्याला फॉन्ट म्हणतात. असे एक घराणे आपल्या हाताने जन्माला घालायचे, ही तिची फार दिवसांची इच्छा. निमित्त मिळाले ते केवळाबाईंमुळे. त्या गावातल्या महिला भजनी मंडळाच्या पुढारी. यंदाच्या सप्ताहात, शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनात, बायका पहिल्यांदाच महाराजांच्या मागे टाळकरी म्हणून उभ्या राहणार होत्या. पण काल्याच्या गवळणी त्यांना पाठ नव्हत्या.

"टाळकरी व्हायला निघाल्या, अन् पाठांतर न्हाई," ग्यानबा म्हणाले. "चाल मोडली तर पुढल्या साली कुनी उभं करनार न्हाई, सांगून ठिवतो."

"तुमी तुमच्या शेळ्या मोजा, ग्यानबादादा," केवळाबाई म्हणाल्या. पण धास्ती त्यांच्याही पोटात होतीच. त्या भक्तीकडे आल्या, तेव्हा ती आनंदाने म्हणाली, "मावशी, माझ्या स्वतःच्या अक्षरात छापून देते."

तिने संगणकावरच अक्षरे केली. बारीक, सरळ, नाजूक. मला डब्यातून काढलेसुद्धा नाही. पुढचे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. मारुतीच्या देवळातल्या तालमीला तिने कागद नेला, तेव्हा केवळाबाई आधी हरखल्या.

"अगं माय, मोत्यावानी दिसायलंय! पर आमचे दोनी हात टाळात. कागद धरायचा कुनी, मारुतीनं?"

बायका खळखळून हसल्या. कागद समोरच्या खांबाला बांधला. टाळ वाजू लागले, पावले पुढेमागे पडू लागली, आणि त्या डुलण्यात, तेवढ्या लांबून, अक्षरांची पोटे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, मिटून गेली. नुसती काळी रांग! गवळण अडखळली. एकेक टाळ थांबला. आता कुणी हसेना.

"ऱ्हाऊ दे, पोरी," केवळाबाई हळूच म्हणाल्या. "आमी आपलं बसूनच ऐकू."

भक्तीने मान फिरवली. रस्त्यापलीकडे ग्यानबांच्या गोठ्याला दार म्हणून एक जुना पत्रा लावलेला होता. भुजंगरावांचा सप्ताहाचा फलक! रंग विटलेला, पत्रा गंजलेला, शेळ्या अंग घासायच्या. तरी देवळातून अक्षर न् अक्षर वाचता येत होते. भक्ती डुलत डुलत चार पावले मागे गेली, पुढे आली. तरी वाचता येत होते. रेघांच्या सांध्यात ठेवलेल्या चिमूटभर जागेतून उजेड आत येत होता.

ती धावत घरी आली आणि तिने मला हातात घेतले. रॉकेलमध्ये भिजवले, साबणाने चोळले, तेल लावले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझे केस विंचरले!

आम्ही कामाला लागलो. भुजंगराव शेजारी बसून राहत. ती अक्षर काढी, भिंतीला लावी आणि टाळ घेतल्यासारखे हात करून समोर नाचत बघे. तिची आई म्हणे, "याड लागलं पोरीला."

काही अक्षरे पाट्यांवर कधी आलीच नव्हती.

"अण्णा, 'ङ' कसा काढायचा?"

"म्या कदी लिव्हलाच न्हाई, बाई. तूच ठरव."

तिने ठरवले. अशी कितीतरी अक्षरे, जोडाक्षरे तिने नव्याने घडवली, आणि सगळी एका घरातली भावंडे दिसली. मग ती सगळी संगणकात उतरवली आणि गावावरून फॉन्टचे नाव ठेवले 'झरी'.

काल्याच्या सकाळी मी भुजंगरावांच्या सदऱ्याच्या खिशातून सगळे पाहिले. मृदंग घुमला. महाराजांनी गवळण धरली. केवळाबाईंची नजर क्षणभर खांबावरच्या 'झरी'त छापलेल्या कागदाकडे गेली, आणि मागून सगळ्या बायकांचा एकच सूर उठला, भरदार, न अडखळता. पावले पडत होती, टाळ झडत होते, अक्षरे उघड्या तोंडाने त्यांच्याबरोबर गात होती. शेवटी महाराजांनी स्वतः केवळाबाईंना वाकून नमस्कार केला.

भुजंगरावांचे डोळे भरले. "भक्ती, ह्ये आता मव्हं अक्षर न्हाई. तुवं हाय."

काल्याचा प्रसाद खात ग्यानबा आले. "बायांनो, पुढल्या साली बी तुमीच! पर ध्यानात ठिवा, या अक्षरात अर्धा वाटा मव्या शेळीचा हाय."

"मंग तिला बी प्रसाद न्या," केवळाबाई म्हणाल्या आणि ग्यानबांच्या ओंजळीत आणखी एक मूठ घातली.

मित्रांनो, आता मी भक्तीच्या संगणकाशेजारी मऊ फडक्यावर आडवा निजतो. तुमच्याही घरात एखादा ब्रश डब्यात केसांवर उभा असेल. त्याला बाहेर काढा, धुवा, तेल लावा, आडवा ठेवा. आणि त्याचा कोपरा तुटका असला, तर कात्रीने सरळ करू नका. आधी त्याने एक अक्षर काढून बघा.